कोरडा डोंगर आणि पुस्तकी वाटाड्या

कादंबरी, काव्य, नाटक, चरित्र यांचीं परीक्षणें मासिकांतून नित्य येतात. परंतु वाटाड्याचें काम करणाऱ्या पुस्तकांकडे टीकाकारांनीं लक्ष दिल्याचें फारसें आढळत नाहीं. हीं पुस्तकें पिशवींत घालून न्यावयाचीं, घामानें नि पावसानें भिजवावयाचीं आणि परत आल्यावर फळीवर टाकून द्यावयाचीं. त्यांत वाङ्मय तें कोठून येणार, अशी समजूत यामागें असावी. आम्हांस ती मान्य नाहीं. कादंबरीकारानें आपल्या नायिकेला भलत्याच गांवच्या तळ्यांत जीव द्यावयास लावलें, तर रसिकाच्या कपाळाला एखादी आठी पडेल, यापलीकडे कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण डोंगरवाटांच्या पुस्तकांत नसलेलें तळें लिहिलें गेलें, तर तें वाक्य वाचकाच्या घशाला कळतें. ज्या गद्याची परीक्षा इतक्या कठोरपणें होते, त्याची भाषा, त्याचें व्याकरण आणि त्यामागची साक्ष तपासून पाहणें हें टीकेचें काम नव्हे काय?

हा प्रश्न जळगाव जामोद येथें विशेष तीव्रतेनें सुचतो. खानदेशांतील जळगावाहून वेगळें ओळखतां यावें म्हणून शेजारच्या जामोदचें नांव ज्यास जोडलें गेलें, तें हें बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेचें गांव. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णेचें खोरें. खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरलेला. तेथील विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. पट्टा ओलांडून डोंगराकडे यावें, तों पाणी गोड होतें, पण खोल जातें. डोंगरांतून उतरणारे नाले पायथ्याच्या गोट्यांच्या व वाळूच्या जाड थरांत शिरतात आणि पावसाळा सरतांच दिसेनासे होतात. भूजलाचे अभ्यासक या पायथ्याच्या पट्ट्याला 'बजाडा' म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश; अमेरिकेंतील वाळवंटी डोंगरांच्या पायथ्याचें वर्णन करतांना तो शास्त्रांत रूढ झाला आणि तेथून आमच्या दाराशीं आला. जळगाव जामोद व संग्रामपूर या दोन तालुक्यांतील १४० गांवांसाठीं वान धरणाचें पाणी नळानें आणण्याची योजना करावी लागली, एवढ्यावरून येथील पाण्याची गत दूरस्थ वाचकास समजेल.

सातपुडा हें वाळवंट नव्हे, हें आम्ही जाणतों. चार महिने येथें पाऊस पडतो, आणि श्रावणांत हा डोंगर पाहणाऱ्यास तो कधीं कोणाला तहानेनें व्याकूळ करील असें स्वप्नांतही वाटणार नाहीं. परंतु सागाचीं पानें झडलीं, फाल्गुनांत पळस पेटला, कीं तेथून मृगापर्यंत हा डोंगर वाळवंटांतील डोंगरासारखाच वागतो. सावली नाहीं, वाहतें पाणी नाहीं, आणि एका वस्तीपासून दुसरी वस्ती लांब. म्हणून अरबस्तानांतील उघड्या डोंगरांच्या वाटाड्या-पुस्तकास जी कसोटी लावावयाची, तीच येथील पुस्तकास लावणें आम्हांस योग्य वाटतें.

या प्रदेशाविषयीं लिहिलेलीं जुनीं पुस्तकें सरकारी आहेत. आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर १८७० सालचें; ए. ई. नेल्सन यांचें बुलढाणा जिल्ह्याचें १९१० सालचें. दोन्ही ग्रंथ मेहनतीचे आहेत, आणि आजही किल्ल्यांवर लिहिणारा मराठी लेखक त्यांच्याकडून उसनवारी केल्यावांचून राहत नाहीं. पण ते कोणासाठीं लिहिले गेले हें विसरूं नये. हिवाळी दौऱ्यावर निघणाऱ्या अंमलदाराबरोबर तंबू, गाड्या आणि नोकरचाकर असत. त्याला पाणी शोधावें लागत नसे. तें त्याच्या तंबूपाशीं येत असे. अशा वाचकासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत तळ्याचा उल्लेख शोभेचा असतो, गरजेचा नसतो. शिवाय जुन्या ग्रंथाचा भूगोलही जुना. लायलच्या ग्रंथांत जळगाव पाहूं गेल्यास तें अकोला जिल्ह्यांत सांपडतें, कारण जळगाव व खामगाव हे तालुके १९०५ सालीं बुलढाण्यास जोडले गेले. यांत लायलचा दोष नाहीं. त्याच्या मुखपृष्ठावर साल छापलेलें आहे, आणि तें पाहून वाचक सावध होऊं शकतो. दोष आहे तो मागाहून त्यांतील वाक्य उचलून साल मात्र तेथेंच टाकून येणाऱ्यांचा.

मराठींत डोंगरवाटांचीं खरीं पुस्तकें आलीं तीं गेल्या अर्धशतकांत. हरीश कापडिया यांचें सह्याद्रीवरील इंग्रजी पुस्तक १९७७ सालीं निघालें, प्र. के. घाणेकर यांचें 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' आणि आनंद पाळंदे यांचें 'डोंगरयात्रा' हीं तरुण मंडळींच्या पिशव्यांतून वर्षानुवर्षें हिंडलीं. पाळंदे यांच्या पुस्तकाविषयीं आम्हांस विशेष आदर आहे. त्यांतील नकाशे पाहतांना असें वाटतें कीं लेखक आपल्याशीं न बोलतां बोटानें वाट दाखवीत आहे, आणि वाटाड्यानें मुख्यतः हेंच करावयाचें असतें. (गो. नी. दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनाची जात निराळी. परतवाड्यास, म्हणजे मेळघाटाच्या पायथ्याशीं, जन्मलेल्या या लेखकानें महाराष्ट्रास गडांचें वेड लावलें. पण वेड लावणारें गद्य आणि वाट दाखविणारें गद्य यांची गल्लत त्यांनीं केली नाहीं. ती त्यांच्या अनुकरणकर्त्यांनीं केली, आणि आतां पुष्कळ पुस्तकांत चढणीचा खडा तपशील असावयाच्या जागीं लेखकाचे भरून आलेले डोळे तेवढे दिसतात.)

मात्र हीं सर्व पुस्तकें सह्याद्रीचीं आहेत. दोहोंच्या तर नांवांतच सह्याद्री आहे. तेथें पाऊस अपार, कातळ अभंग, आणि कातळांत शेंकडों वर्षांपूर्वीं खोदलेलीं टांकीं जागोजाग. तेथें वाढलेला वाचक एक संवय लावून घेतो: गड म्हटला कीं टांकें, टांकें म्हटलें कीं पाणी. ही संवय घेऊन तो सातपुड्यांत येतो. याच तालुक्यांतील मैलगड पाहावयास येणारे पुष्कळसे पुण्यामुंबईकडचे असतात, आणि त्यांच्या हातांतील पुस्तक, छापील असो वा उतरवून घेतलेलें, सह्याद्रीच्या पुस्तकांच्याच सांच्यांत ओतलेलें असतें. किल्ल्याचा प्रकार, चढाईची श्रेणी, राहण्याची सोय, पाण्याची सोय. शेवटच्या रकान्यांत एक वाक्य: गडावर पाण्याची सोय आहे. या एका वाक्याकडे टीकाकारानें थांबून पाहिलें पाहिजे.

मराठींत पाण्याविषयीं तीन तऱ्हांनीं बोलतां येतें. 'टांक्यांत पाणी आहे' असें म्हणणारा तें आतां डोळ्यांनीं पाहत असतो. 'टांक्यांत पाणी असतें' असें म्हणणारा अनेक वेळच्या अनुभवावरून नियम सांगत असतो. 'टांक्यांत पाणी होतें' असें म्हणणारा एका दिवसाची साक्ष देतो आणि पुढची हमी घेत नाहीं. तीन्ही वाक्यें शुद्ध, तीन्ही सोपीं. पण कोरड्या डोंगरांत त्यांच्यामध्यें जीव जाण्याराहण्याइतकें अंतर आहे. आतां पुस्तकें कशीं लिहिलीं जातात तें पाहा. लेखक मार्गशीर्षांत एकदां जाऊन येतो. त्यानें पाणी पाहिलेलें असतें. प्रामाणिक व्याकरणानें त्यानें 'होतें' लिहावयास हवें. पण 'होतें' हें आठवणींच्या पुस्तकास शोभतें, मार्गदर्शनास शोभत नाहीं, असें वाटून तो 'आहे' लिहितो. दुसरा लेखक तेथें गेलेलाच नसतो. पहिल्याचें वाक्य जसेंच्या तसें घेणें बरें दिसत नाहीं म्हणून तो त्याचें 'असतें' करतो. तिसरा उदार मनाचा; तो 'बारमाही' हा शब्द पदरचा घालतो. अशा रीतीनें एका मार्गशीर्षांतील ओंजळभर पाण्याचें तिसऱ्या पुस्तकांत बारमाही तळें होतें, आणि या साऱ्या उलाढालींत कोणीही खोटें बोललेला नसतो.

आमच्यासमोर अलीकडचें असें एक लहान पुस्तक आहे. त्याचें नांव घेत नाहीं, कारण तो दोष त्याचा एकट्याचा नाहीं. शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्याविषयीं त्यांत चार पानें आहेत. महाकाली दरवाज्याचें साल १४८७ म्हणून बिनचूक दिलें आहे. दरवाज्यावरील नक्षीचें वर्णनही बरें साधलें आहे. गडावरील तळ्यांची संख्या आहे, शक्कर तलावाची आख्यायिका आहे. परंतु त्या तळ्यांपैकीं वैशाखांत किती ओलीं राहतात याविषयीं एक अक्षर नाहीं. लेखक स्वतः कोणत्या महिन्यांत गेला होता तेंही नाहीं. पांचशें वर्षांपूर्वींच्या दगडाची तारीख सांगावयाची आणि परवां पाहिलेल्या पाण्याची गाळावयाची, हा इतिहासाविषयींचा आदर खरा, परंतु वाचकाविषयींचा नव्हे.

याउलट नकाशा काढणारा किती सावध असतो पाहा. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ज्या पत्रकांवर हा प्रदेश येतो (५५ सी या मालिकेचीं), त्यांवर कोरडा पडणारा नाला काळ्या रेघेनें आणि पाणी टिकणारा प्रवाह निळ्या रंगानें दाखवितात. लेखक ज्या दोन गोष्टी एका वर्तमानकाळांत कोंबतो, त्या नकाशाकारानें दोन शाया वापरून वेगळ्या ठेविल्या आहेत. आणि मोजणी कोणत्या सालीं झाली तेंही तो समासांत लिहून ठेवतो. अर्थात् नकाशाही जपूनच वाचावयाचा असतो. त्यांत जें दाखविलेलें नाहीं, तें मुळीं नाहींच असें समजणें घातक आहे. जेम्स पाइक हे कॅलिफोर्नियाचे माजी बिशप १९६९ च्या सप्टेंबरांत आपल्या पत्नीसह जेरुसलेमजवळच्या यहूदियाच्या वाळवंटांत मोटारीनें शिरले. जवळ भाड्याच्या मोटारीबरोबर मिळालेला साधा नकाशा आणि थंड पेयाच्या दोन बाटल्या, वाटाड्या नाहीं. मोटार एका कोरड्या ओढ्याच्या वाटेनें जातां जातां अडकली. पत्नी रात्रभर पायपीट करून कशीबशी माणसांत पोंचली. बिशपांचें प्रेत कांहीं दिवसांनीं दरींत सांपडलें. बायबलाच्या त्या भूमीविषयींच्या ज्ञानांत ते कोणास हार जाणारे नव्हते. ज्या नकाशावर त्यांनीं भरंवसा ठेविला त्यावर उन्हाविषयीं व पाण्याविषयीं कांहींच लिहिलेलें नव्हतें, आणि हें मौन त्यांना अभयासारखें वाटलें असावें.

साक्षीचा काटेकोरपणा ही पाश्चात्त्यांकडून शिकण्याची गोष्ट आहे, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. मराठी गद्याच्या अगदीं आरंभींच वाटाड्या-पुस्तकाचा एक उत्कृष्ट नमुना आहे, तो महानुभावांच्या 'स्थानपोथी'चा. चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, बसले, फिरले, त्या स्थानांची ही नोंद. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास मठ होता, स्थान नेमकें कोठें, हें तींत इतक्या निर्विकारपणें सांगितलेलें असतें कीं भक्तिग्रंथ वाचतों आहों याचा क्षणभर विसर पडतो. याच जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं स्वामींच्या भ्रमणांतील गांवें. आणि ही पोथी ज्यांनीं साक्षेपानें संपादिली ते डॉ. वि. भि. कोलते हेही याच जिल्ह्यांतील नरवेलचे. महानुभावांची आणखी एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. एखाद्या लीळेविषयीं दोघांची आठवण निराळी असली, तर ते दोन्ही पाठ ठेवितात आणि कोणाचा कोणता हें नांवानिशीं सांगतात. आपल्या आराध्यदैवताच्या चरित्रांतही ज्यांनीं 'हें अमुक सांगतो' असें लिहावयास संकोच केला नाहीं, त्यांच्या भाषेंत आज टांक्यांतील पाण्याविषयीं 'हें अमुक गांवच्या लोकांनीं माघांत सांगितलें' एवढें लिहितां येऊं नये, हें आश्चर्य होय.

कोणी सांगितलें, हा प्रश्न निघाला म्हणजे डोंगरांत राहणाऱ्यांकडे वळावें लागतें. जॉर्डनमधील वादी रमच्या वालुकाश्मी डोंगरांत टोनी हॉवर्ड हे इंग्रज गिर्यारोहक आपल्या सोबत्यांसह १९८४ सालीं प्रथम गेले आणि १९८७ सालीं त्यांनीं तेथील वाटांचें पुस्तक काढलें. त्या पुस्तकाची थोरवी अशी कीं, आपण वाटा 'शोधून काढल्या' असा आव त्यांत नाहीं. शिकारीसाठीं बदू लोक पिढ्यान्पिढ्या जे कडे चढत आले, ते त्यांचे म्हणूनच नोंदलेले आहेत. आमच्या सातपुड्याच्या पुस्तकांत भिलाला, बारेला, कोरकू, निहाल हीं नांवें येतात तीं 'येथें आदिवासी राहतात' एवढ्यापुरतीं, जणूं वनस्पतींच्या यादींतील एक जात. वास्तविक जळगाव जामोदच्या परिसरांतील निहालांची भाषा ही विद्वानांना मोठें कोडें होऊन बसलेली आहे. कायपर या डच पंडितानें १९६२ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. जगांतील कोणत्याही भाषाकुलांत तिला निःशंकपणें बसवितां येत नाहीं. हजारदोनहजार माणसेंच ती बोलतात. पाण्याला त्या भाषेंत 'जोप्पो' म्हणतात. कोणत्या नाल्याच्या कोणत्या वळणावर उन्हाळ्यांत ओल राहते, याचें ज्ञान या डोंगरांत ज्या भाषांतून सांभाळलेलें आहे, त्यांतील एक शब्दही आमच्या वाटाड्या-पुस्तकांत शिरलेला नाहीं. उलट नाल्यांचीं नांवें ऐकूं येतील तशीं मराठींत उतरवून त्यांची अशी कांहीं मोडतोड केलेली असते कीं, तें नांव घेऊन विचारणाऱ्यास डोंगरांतील माणूस नुसता पाहत राहतो.

पण हें ज्ञान पुस्तकांत यावें काय? येथें आम्ही जरा अडखळतों. गेल्या चैत्रांत डोंगरांतील एका वस्तीवर आम्हीं एका वृद्ध गृहस्थांना विचारिलें, "बाबा, पुढं नाल्यात पाणी लागते का?" ते म्हणाले, "पानी हाये ना भाऊ. पन ते रातभर बसून बायायनं भरलेलं हाये." नाल्याच्या वाळूंत हातभर खोल खळगा करावयाचा, तळाशीं पाणी पाझरूं द्यावयाचें, वाटीनें तें उपसून हंड्यांत घालावयाचें, मग पुन्हां पाझर येईपर्यंत बसून राहावयाचें: झिरा म्हणतात तो हा. रात्रीं ऊन नसतें म्हणून पाझर जरा बरा, म्हणून बायका रात्रीं बसतात. असा झिरा पुस्तकांत 'पाण्याची सोय' म्हणून छापला गेला, आणि सुटीच्या दिवशीं तीस जणांची टोळी त्याच्या भरंवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन आली, तर ती टोळी कोणाचें पाणी पिते? वस्तीवरचा माणूस पाहुण्याला नाहीं म्हणत नाहीं; यामुळेंच तर प्रश्न अवघड होतो. सह्याद्रीच्या टांक्यांतून हंडाभर पाणी काढल्यानें टांक्यास कळतही नाहीं. येथें तो हंडा मोजलेला असतो.

आमचें मत असें कीं झिरा छापूं नये. पुस्तकानें वस्तीचें नांव द्यावें, ती कोणत्या वाटेवर किती अंतरावर आहे तें द्यावें, आणि तेथें थांबून विचारावें असें सांगावें. पाणी मात्र पायथ्यापासून स्वतःचें न्यावें, किती न्यावें हें महिन्यागणिक लिहावें. यानें पुस्तकाची किंमत कमी होईल, सगळें सांगितलें नाहीं अशी वाचकांची तक्रार येईल, हें आम्हांस ठाऊक आहे. वाळवंटांतील झऱ्यांविषयीं बदूंमध्यें असे संकेत आहेत म्हणतात. आपल्याकडे लेखकांमध्येंच ते रूढ व्हावयास हवेत, कारण छापलेलें पाणी परत लपवितां येत नाहीं.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणें अवश्य आहे, तो थोडक्यांत करतों. संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा हें १९९७ पासून अभयारण्य आहे आणि मेळघाट व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. परवानगीवांचून तेथें पाय ठेवतां येत नाहीं. पूर्वेकडे मेळघाटांतील गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड यांसारखीं गांवें गेल्या पंधरावीस वर्षांत डोंगर सोडून सपाटीवर आलीं. ज्या पुस्तकांत त्या गांवीं मुक्काम करावा असें लिहिलें आहे, तें पुस्तक घेऊन जाणाऱ्यास तेथें ओसाड ओटे तेवढे दिसतील. गांव उठलें म्हणजे विहिरीचा गाळ कोणी काढीत नाहीं आणि पाऊलवाट दोन पावसाळ्यांत बुजते. लेखकास याची खबर ठेवणें कठीण नाहीं. अकोट किंवा जळगाव जामोदच्या बाजारांत बाजाराच्या दिवशीं अर्धा तास उभें राहिलें तरी पुरे.

या प्रदेशावर नवें पुस्तक लिहिण्याचा विचार कांहीं तरुण करीत आहेत असें ऐकतों, म्हणून आमची एक सूचना मांडून ठेवतों. पाण्याच्या रकान्यांत एका वाक्याऐवजीं बारा घरें असावींत, महिन्यास एक. ज्या महिन्यांत लेखकानें किंवा नांव घेण्याजोग्या माणसानें पाणी पाहिलें असेल, त्या घरांत 'होतें' अथवा 'नव्हतें' एवढेंच लिहावें आणि खालीं साल द्यावें. जीं घरें भरतां आलीं नाहींत तीं रिकामींच छापावींत. पहिल्या आवृत्तींत चैत्रवैशाखाचीं घरें बहुधा मोकळीं राहतील; पुढें ज्यांना जातां येईल त्यांनीं तीं भरून लेखकाकडे पाठवावींत, आणि दुसरी आवृत्ति त्यावरून काढावी.